बेथेलची जमीन आणि तारणाचा अर्थ

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना. बियाण्यांचे आणि लोखंडाचे गाव म्हणून आज त्याची ओळख आहे. पण मराठी ख्रिस्ती विचारातला एक मूलभूत प्रश्न या भागात जितका उघडपणे उभा राहिला, तितका महाराष्ट्रात क्वचितच कुठे राहिला असेल. रेव्हरंड नारायण शेषाद्री १८६३ मध्ये इथे आले. ब्राह्मण घरातले, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकलेले. १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. जालन्यात त्यांचे काम वाढले ते मुख्यतः मांग आणि महार समाजात. पुढे निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ नवख्रिस्ती कुटुंबांसाठी गाव वसवले आणि त्याला नाव दिले बेथेल. हे नाव उत्पत्तीच्या पुस्तकातले आहे. भावाच्या धाकाने घर सोडून पळालेला याकोब रात्री उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपला आणि त्याला स्वप्न पडले, ती ही जागा. स्वप्नातली शिडी स्वर्गाला टेकलेली होती आणि देवदूत तिच्यावरून चढत-उतरत होते. याकोब मात्र ती चढत नाही. त्याला वर ये असे कोणी सांगत नाही. त्याला वचन मिळते ते ज्या भुईवर तो पडला आहे त्या भुईचे, संततीचे, वाटेतल्या सोबतीचे आणि सुखरूप घरी परतण्याचे.

नाव ठेवताना शेषाद्रींनी इतका विचार केला होता की नाही, हा वेगळा प्रश्न. पण त्या नावात एक उत्तर दडलेले आहे आणि ते ज्या आरोपाला लागू पडते तो आरोप दीडशे वर्षे जुना होऊनही विरलेला नाही. हे लोक तारणासाठी आले नाहीत, जमिनीसाठी, विहिरीसाठी, दुष्काळात पोटाला अन्न मिळावे म्हणून आले, असे सनातनी टीकाकार म्हणत आले. गमतीची नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की, पुष्कळ मिशनऱ्यांनाही हाच संशय छळत असे. खरा विश्वासणारा कोण आणि भाकरीसाठी आलेला कोण, याची छाननी मिशनांच्या कामाचा एक भागच होती. दोघांच्या मनात गृहीतक एकच होते: तारण म्हणजे आत्म्याचा व्यवहार, पापाची क्षमा आणि मरणानंतरचा स्वर्ग, जमीन, भाकरी, मान हा त्याच्या बाहेरचा, हलक्या प्रतीचा मामला. हे गृहीतक बायबलमधून आलेले नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे. ख्रिस्ती तारणाची मुळे ज्या यहुदी शास्त्रांत आहेत, तिथे या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडलेल्या नाहीत आणि नव्या करारानेही त्या तोडलेल्या नाहीत. त्या तुटल्या नंतर, आणि तुटल्याची किंमत सर्वांत जास्त कोणी मोजली असेल तर ती बेथेलसारख्या गावांतल्या माणसांनी.

यहुदी स्मृतीत तारणाचा पहिला आणि कायमचा नमुना म्हणजे निर्गम. एक गुलाम जमात विटा थापत असते, तिचे विव्हळणे देवाच्या कानी जाते, तो मोशेला पाठवतो आणि समुद्रापलीकडे ती माणसे स्वतंत्र होऊन उभी राहतात. तिथे ग्रंथ सांगतो की त्या दिवशी परमेश्वराने इस्राएलाचे तारण केले. या वाक्यात पापाचा विषय नाही. इस्राएल लोक पापी होते म्हणून फारोच्या हाती सापडले, असे निर्गमाचे पुस्तक कुठेही म्हणत नाही. पाप फारोचे आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. समुद्र ओलांडण्याची कथा चौदाव्या अध्यायात आणि दहा आज्ञा विसाव्या अध्यायात. सुटका आधी, नियमशास्त्र नंतर. दहा आज्ञांचा आरंभही आज्ञेने होत नाही, मी तुला दास्यातून काढले या आठवणीने होतो. नियम पाळून तारण कमवायचे हा यहुदी धर्म आणि कृपेने ते फुकट मिळते हा ख्रिस्ती धर्म, अशी जी विभागणी आपल्या रविवारच्या शाळांतून अजून शिकवली जाते, ती या एका क्रमापुढे टिकत नाही. ई. पी. सँडर्स या विद्वानाने १९७७ मध्ये पौल आणि पॅलेस्टाइनमधील यहुदी धर्म यांवरच्या ग्रंथात हेच विस्ताराने दाखवले: त्या काळच्या यहुदी माणसासाठी देवाची निवड आणि करार आधीचा होता, आज्ञापालन हा त्या करारात राहण्याचा मार्ग होता.

निर्गमाचा हा नमुना पुढे अनेकदा वापरला गेला. बाबेलच्या बंदिवासातून यहुदी लोक इ.स.पू. सहाव्या शतकात परतू शकले ते पारशी सम्राट कोरेशच्या हुकमाने, आणि यशयाच्या पुस्तकात त्या परक्या, परधर्मी राजाला परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे. मशीहा हा शब्द पुढे ज्या अर्थाने जगभर गेला, त्याच्या इतिहासात एक मूर्तिपूजक राजाही बसलेला आहे. एका मुसलमान दिवाणाने दिलेल्या जमिनीवर मांगांचे ख्रिस्ती गाव उभे राहते तेव्हा बायबल वाचणाऱ्याने त्यात अवघडण्यासारखे काही मानू नये. आणि निर्गमाची भाषा कळायला आपल्याला दूर जायचीही गरज नाही. कोकणातले बेने इस्राएल यहुदी शतकानुशतके मराठी बोलत, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हणवून घेत आणि शमा हा प्रार्थनेचा गाभा जपत राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला त्यांच्यातला एक अधिकारी, सामाजी हसाजी म्हणजे सॅम्युएल दिवेकर, टिपू सुलतानाच्या कैदेत पडला. सुटलो तर देवाचे घर बांधीन असा नवस त्याने केला, अशी त्यांच्यात परंपरा आहे. १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला त्याने सिनेगॉग बांधले, ते शहरातले पहिले. तुरुंगातून सुटणे ही त्याच्या दृष्टीने देवाची करणी होती आणि तिची पोच साऱ्या जमातीसाठी उभारलेल्या इमारतीने द्यायची होती. तारणाचा इब्री अर्थ याहून सरळ कसा दाखवावा?

मग पापाचे काय? यहुदी धर्मात पापाचा विचार उथळ आहे आणि ख्रिस्ती धर्माने तो खोल केला, हा दुसरा रूढ समज. इथे लेवीय हे पुस्तक उघडावे लागते, जे आपले वाचक बहुधा चाळून पुढे जातात. सहाव्या अध्यायात फसवणुकीचा विषय आहे: कुणी शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडणूक केली, तर त्याने काय करावे? मूळ वस्तू परत करायची, वर तिचा पाचवा हिस्सा भरायचा, आणि त्यानंतर दोषार्पणाचा मेंढा याजकाकडे न्यायचा. वेदीवरचे रक्त हे परतफेडीच्या जागी येत नाही, तिच्या मागोमाग येते. मिश्ना या रब्बींच्या संहितेने प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल हाच नियम पक्का केला: देवाविरुद्धच्या अपराधांची फेड तो दिवस करतो, माणसाविरुद्धच्या अपराधांची करत नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढलेली नाही. येशूचा डोंगरावरील उपदेश वाचला की हेच ऐकू येते. वेदीपाशी दान आणले आणि भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, असे तो सांगतो. ही यहुदी परंपरेला दिलेली दुरुस्ती नाही. ही ती परंपराच आहे.

या सगळ्या पुराव्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायातला एक तपशील. पन्नासावे वर्ष योबेल वर्ष. त्या वर्षी कर्जापायी गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाला परत मिळायची आणि कर्जापायी गुलाम झालेला माणूस आपल्या घरी जायचा. मधल्या काळातही गहाण गेलेली जमीन किंवा विकला गेलेला भाऊ सोडवून आणण्याचे कर्तव्य जवळच्या नातलगाचे होते. उद्धारकर्ता या संज्ञेचे मूळ या नातलगात आहे आणि रूथच्या गोष्टीतला बवाज हा त्याचा सर्वांना ठाऊक असलेला दाखला. हा योबेलचा शिंगनाद वर्षाच्या कोणत्या दिवशी करायचा? प्रायश्चित्ताच्या दिवशी. ज्या दिवशी प्रमुख याजक परमपवित्र स्थानात जाऊन साऱ्या लोकांच्या पापांची फेड करतो, त्याच दिवशी शेते परत द्यायची आणि बेड्या काढायच्या. पापक्षमा आणि भूमीची परतफेड एका तारखेला बांधलेली आहे. आजही प्रायश्चित्ताच्या दिवशी सकाळी सिनेगॉगमध्ये यशयाचा जो भाग वाचतात, तो दुष्टाईच्या गाठी सोडा, भुकेल्याला भाकरी द्या, असे नुसत्या उपासाला फटकारणारा आहे. बेने इस्राएल या दिवसाला दरफाळणीचा सण म्हणत, दारे बंद करून पाळायचा दिवस. बंद दारांआडचा उपास आणि उघडलेले तुरुंग, दोन्ही त्याच दिवसाचे.

योबेल वर्ष प्रत्यक्षात कधी पाळले गेले का, असा रास्त आक्षेप इथे घेता येतो. इतिहासात त्याचा भक्कम पुरावा नाही. पण आपला प्रश्न यहुदी लोकांनी तारणाची कल्पना कशी केली हा आहे, आणि न पाळला गेलेला कायदाही कल्पनेचा उत्तम साक्षीदार असतो. उलट, तो पाळला न गेल्यामुळेच त्याची आशा भविष्यावर गेली. मृत समुद्राजवळ कुमरानच्या अकराव्या गुहेत १९५६ मध्ये सापडलेल्या हस्तलिखितांत मलकीसदेकावरचे एक लिखाण आहे. येशूच्या आधीच्या या लेखनात योबेलची कर्जमुक्ती, यशयातली बंदिवानांची सुटका आणि पापांचे ओझे उतरणे हे सगळे एकत्र गुंफून शेवटच्या, दहाव्या योबेलच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी घडेल असे म्हटले आहे. म्हणजे कर्ज आणि पाप, बेडी आणि अपराध यांची सांगड ख्रिस्ती लोकांनी घातली नाही आणि आधुनिक समाजवाद्यांनीही नाही. ती येशूच्या जन्माआधीच्या यहुदी लोकांच्या तोंडी होती.

तिसरा धागा मरणाचा. जुन्या करारातल्या बहुतेक भागात मरणोत्तर जीवनाविषयी फार थोडे आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात ग्रीक राजा अंतियोखस एपिफानेसच्या छळात नियमशास्त्राला चिकटून राहिलेली माणसे मारली गेली, आणि विश्वासू राहिल्याबद्दल मरण आले तर देवाचा न्याय कुठे, हा प्रश्न टाळता येईना. दानीएलाच्या शेवटच्या अध्यायात आणि मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मेलेल्यांच्या उठण्याची आशा स्पष्ट उमटते. यहुदी पंथांपैकी परूशींनी ती स्वीकारली, सदूकींनी नाकारली. लक्षात घ्यायचे ते हे की, ही आशा देहातून सुटण्याची नाही. देह परत मिळण्याची आहे. छळणाऱ्याने जे हिरावले ते देव परत देईल, ही योबेलचीच मागणी कबरीपर्यंत पोचलेली आहे. येशूच्या पुनरुत्थानाचा दावा शिष्यांनी केला तो याच परूशी भाषेत.

आता नव्या कराराकडे आले की चित्र बदलते का? सर्वांत जोरदार आक्षेप हाच आहे. येशू हे नाव त्याला दिले ते तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील म्हणून, असे मत्तय सांगतो. रोमपासून तारील असे नाही. माझे राज्य या जगाचे नव्हे, असे तो पिलाताला म्हणतो. मग निर्गम हा फक्त खालच्या पायरीचा दृष्टान्त ठरत नाही का? हा आक्षेप निम्मा खरा आहे. नव्या कराराने शत्रूची व्याख्या खरोखर खोल नेली: फारो आणि कैसर यांच्यामागे पाप आणि मरण ही अधिक जुनी सत्ता आहे, आणि ती तारण मागणाऱ्याच्या स्वतःच्या मनातही ठाण मांडून असते. मुक्त झालेला गुलाम उद्या दुसऱ्याला गुलाम करतो, हे इतिहासाने इतके वेळा दाखवले आहे की या खोलीची गरज नाकारता येणार नाही. पण खोल जाणे म्हणजे वरचा थर फेकून देणे नव्हे. नासरेथच्या सिनेगॉगमध्ये येशू आपले काम जाहीर करतो ते यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायातून, आणि लूकने त्यात अठ्ठावन्नाव्या अध्यायातला, दडपलेल्यांना मोकळे करण्याचा तुकडा ओवला आहे. म्हणजे योबेल आणि प्रायश्चित्ताचा दिवस पुन्हा एकत्र. जक्कय हा जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे कबूल करतो, तेव्हा येशू म्हणतो की आज या घराचे तारण झाले, कारण हाही अब्राहामाचा पुत्र आहे. परतफेड, घर, वंश. यांतला एकही शब्द स्वर्गातला नाही, आणि तरी शुभवर्तमानात तारण घडल्याची याहून थेट नोंद सापडणे अवघड.

पौलाच्या बाबतीत गैरसमज अधिक खोल आहे. विश्वासाने नीतिमान ठरणे हा त्याचा सिद्धान्त लुथरपासून आजवर एका अपराधी मनाच्या शांतीचा सिद्धान्त म्हणून वाचला गेला. क्रिस्टर स्टेंडल या स्वीडिश विद्वानाने १९६३ मध्ये एका निबंधात विचारले की हे अस्वस्थ, स्वतःला तपासत बसणारे मन खरोखर पौलाचे आहे की पश्चिम युरोपचे? गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय पाहिला की प्रश्नाचे वजन कळते. हा सिद्धान्त तिथे येतो तो एका पंगतीच्या भांडणात. अंत्युखियाच्या मंडळीत पेत्र परराष्ट्रीयांसोबत जेवत होता. यरुशलेमहून काही माणसे आली तसा तो पानावरून उठू लागला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला धारेवर धरले आणि त्या ओघात म्हटले की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे तर ख्रिस्तावरच्या विश्वासाने नीतिमान ठरतो. ज्याला पंक्तिभेद ठाऊक आहे त्या मराठी वाचकाला हा अध्याय समजायला जर्मन भाष्यकारांची मदत लागू नये. कोण कोणाबरोबर जेवू शकतो, या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो सिद्धान्त जन्मला. शेषाद्रींच्या घरातच याचा धडा मिळाला होता. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींच्या घरी राहिला आणि जेवला. १८४३ मध्ये न्यायालयाने तो अल्पवयीन म्हणून वडिलांच्या ताब्यात दिला, पण बाप्तिस्मा झालेला नसूनही, केवळ अन्नामुळे त्याची जात गेली. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून पुढाकार घेतला, तर सनातन्यांनी त्यांनाच लक्ष्य केले. ताटावरून माणूस आत किंवा बाहेर ठरतो, हे पहिल्या शतकातल्या अंत्युखियाइतकेच एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतही खरे होते.

मग हा एकसंध अर्थ आक्रसला कसा? दुसऱ्या शतकात मार्कियन याने जुना करार आणि त्याचा देव टाकून द्यावा असे शिकवले. रोमच्या मंडळीने सुमारे १४४ मध्ये त्याला बाहेर काढले खरे, पण त्याची वृत्ती गेली नाही. ग्रीक विचारातल्या देहाला तुच्छ मानणाऱ्या आत्म्याने पुनरुत्थानाची जागा हळूहळू घेतली. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मशास्त्रज्ञाने तारणाचे गणित देवाच्या दुखावलेल्या मानाच्या भरपाईत मांडले. त्यात इस्राएलची गरजच उरली नाही. धर्मसुधारणेने प्रश्न एकेकट्या अंतःकरणावर आणला. प्रत्येक पायरीवर काही मोलाचे मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही, पण निर्गम मागे पडत गेला. आणि यहुदी लोक? त्यांच्याच पुस्तकातून घेतलेले तारण त्यांच्या विरोधात वापरले गेले. आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण पुरे आहे. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले. यहुदी वंशाचे वैद्य गार्सिया द ओर्ता यांची बहीण कातारीना हिला १५६९ मध्ये जाळले आणि खुद्द ओर्तांचे अवशेष १५८० मध्ये उकरून जाळले. त्याच भूमीत, सालसेतमध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये क्रिस्तपुराण छापले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. त्यातले पहिले पुराण सबंध जुन्या कराराचे आहे: सृष्टी, अब्राहाम, मोशे, संदेष्टे, तारणाऱ्याची वाट पाहणारे इस्राएल. मराठीतला हा पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ यहुदी कथेपासून सुरू होतो, आणि ज्या सत्तेच्या छायेत तो छापला गेला ती सत्ता यहुदी माणसाची हाडेही सोडत नव्हती. ज्यांना तारण सांगायचे त्यांच्याशी फारोसारखे वागणे हा तारणाच्या अर्थाचाच नाश आहे. इतर कोणत्याही निकषावर तोलण्याआधी या निकषावर गोव्याचे ते पर्व अपराधी ठरते.

इथे यहुदी वाचकाचा आक्षेपही ऐकायला हवा. आमच्या धर्माला तुम्ही मुळे म्हणता, म्हणजे आम्ही जमिनीखाली आणि झाड तुमचे, असेच ना? हा आक्षेप मान्य करावा लागेल. आजचा यहुदी धर्म हा ख्रिस्ती धर्माचा पूर्वज नसून भाऊ आहे, मंदिर इ.स. ७० मध्ये पडल्यावर दोघेही एकाच घरातून वेगवेगळ्या वाटांनी निघाले. रब्बींनी प्रार्थना, पश्चात्ताप आणि दया यांना बलिदानाच्या जागी बसवले, ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ताच्या मरणाला. आदामाचे पाप वंशाने सर्वांना चिकटते हे यहुदी धर्म मानत नाही; नीतिमान परराष्ट्रीयालाही येणाऱ्या जगात वाटा आहे, असे त्याच्या परंपरेतले एक प्रबळ मत आहे, म्हणून धर्मांतर घडवण्याची त्याला निकड नाही. मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून इब्री व्याकरण लिहिले, मिशनच्या शाळांतून बेने इस्राएल मुले इब्री शिकली, मराठी बायबल वाचू लागली, आणि परिणाम काय झाला? ती अधिक जाणते यहुदी झाली. ख्रिस्ती झाले ते फारच थोडे. पौलाने रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात परराष्ट्रीयांना कलम केलेल्या रानटी फांदीची उपमा देऊन मुळापुढे फुशारकी मारू नका असे बजावले होते. कॅथलिक चर्चला हे अधिकृतपणे मान्य करायला १९६५ साल उजाडावे लागले.

मराठी ख्रिस्ती परंपरेकडे वळले तर तिथे दोन प्रवाह दिसतात. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे सांगत राहिले. वारकरी संतांनी मुक्तीपेक्षा भक्ती मोठी मानली, जन्म नको म्हणण्याऐवजी सेवेसाठी जन्म मागितला. टिळकांच्या ख्रिस्तभक्तीत तो गोडवा पुरेपूर उतरला आहे. मात्र माझ्या मते, त्या कवितेने मराठी मंडळीला येशूच्या जितके जवळ नेले तितके मोशेच्या नेले नाही. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी देवाचा दरबार काढला, तेव्हा त्यांनाही एकट्याच्या भक्तीपेक्षा समाजाची गरज जाणवली असावी. पंडिता रमाबाईंनी मात्र दोन्ही टोके हातात धरली. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला तारणाचा खरा अनुभव आला असे त्या सांगत, इतका त्यांचा विश्वास व्यक्तिगत होता. आणि त्याच रमाबाईंनी दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली-बायकांसाठी केडगावला मुक्ती मिशन उभारले, तिथे शेती, विहिरी, छापखाना, हातमाग चालवले, आणि इब्री-ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले. तारण आत्म्याचे की पोटाचे, असा प्रश्न केडगावात कोणी विचारला असता तर त्याला उत्तर देण्याइतकीही फुरसत तिथे कुणाला नव्हती.

शेषाद्री या दोन प्रवाहांपैकी कोणत्या बाजूला? त्यांची शिकवण स्कॉटलंडच्या फ्री चर्चची, म्हणजे पाप, प्रायश्चित्त आणि एकेका आत्म्याच्या निर्णयाची होती. पण त्यांनी गाव वसवले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत ते बोलले, पाश्चात्त्य देशांत फिरून जालन्याच्या कामासाठी मदत मिळवली, आणि परत येऊन ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांना गावकूस दिले. त्यांच्या प्रवचनांपेक्षा त्यांची कृती अधिक बायबलनिष्ठ होती, असे माझे मत आहे. मांग-महार कुटुंबे जमिनीसाठी आली असतील तर ती याकोबाच्या वचनासाठीच आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ मे १९३६ रोजी मुंबईत महार परिषदेपुढे धर्मांतराची सामाजिक आणि आध्यात्मिक अशी दोन्ही अंगे मांडली आणि माणुसकीसाठी धर्म बदलणे हा लाजेचा विषय नाही असे ठामपणे सांगितले; तिथे ख्रिस्ती धर्म निवडला गेला नाही, पण धर्माकडून माणसाने काय मागावे याचे ते उत्तर मोशेला परके वाटले नसते.

शेवटचा आक्षेप आतून येतो, आणि तो सर्वांत कठीण आहे. तारण जर समाजाचे असेल, तर ख्रिस्ती समाजात जात का टिकली? महाराष्ट्रातल्या आणि देशभरातल्या मंडळ्यांत सोयरीक आजही पुष्कळदा जुन्या जातीतच होते, पूर्वी बसण्याच्या जागा आणि प्यालेही वेगळे असत, काही ठिकाणी दफनभूमीही. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा तुमचे ते भोजन प्रभूचे नव्हेच, असे पौलाने लिहिले. त्याच मापाने मोजले तर आपल्या कित्येक मंडळ्यांतले तारण अजून अपुरे आहे, आणि व्यक्तिगत तारणाची शिकवण हे त्या अपुरेपणाचे पांघरूण झाले आहे. राज्यानेही सोयीस्करपणे तीच शिकवण उचलली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती दलितांना वगळले. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात स्थान मिळाले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना नाही. मूळ तर्क असा की धर्म बदलला की जात गेली. ती गेलेली नाही, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात कळते.

म्हणून मराठी पाळकांना आणि रविवारच्या शाळा चालवणाऱ्यांना विनंती आहे: तारणाचा पाठ योहानाच्या तिसऱ्या अध्यायापासून सुरू करू नका. तो अध्याय यायचाच आहे. पण आधी निर्गमाचा चौदावा, लेवीयचा सहावा आणि पंचविसावा, यशयाचा अठ्ठावन्नावा शिकवा, आणि मग गलतीकरांसचा दुसरा अध्याय उघडून आपल्याच मंडळीतल्या पंगतीबद्दल आणि सोयरिकीबद्दल उघड बोला.